बाबांनी किंमत विचारलीच नव्हती

बाबांनी विचारलं होतं, "हे किल्ली द्यायचं आहे का ऑटोमॅटिक?" आणि काउंटरमागचा मुलगा म्हणाला, "सर, दिस वन इज टू लॅख एटी थाउजंड."

बास, एवढंच झालं. कोणी आवाज चढवला नाही, कोणी हाकललं नाही, उलट दारातल्या सिक्युरिटीवाल्याने आम्हाला दार उघडून नमस्कार केला होता आणि तो मुलगाही हसूनच बोलला. ठाण्यातल्याच एका मॉलमध्ये रविवारी संध्याकाळी गेलो होतो, भावाला वाढदिवसाला घेतलेला शर्ट घट्ट झाला तो बदलायला, आणि ते काम झाल्यावर बाबा त्या घड्याळांच्या दुकानापाशी थांबले. आत जाऊया का म्हणाले. मी म्हटलं चला. काचेच्या पेटीत एक घड्याळ उलटं ठेवलेलं होतं, म्हणजे पाठ वरती, आणि पाठीलाही काच, त्यामुळे आतलं सगळं यंत्र दिसत होतं, बारीक बारीक चाकं, लाल खडे, एखाद्या केसासारखी स्प्रिंग. घड्याळ बंद होतं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, काचेच्या अगदी जवळ गेले आणि बराच वेळ बघत राहिले, आणि मग तो प्रश्न विचारला. प्रश्न अगदी मुद्द्याचा होता कारण किल्ली द्यायचं घड्याळ किल्ली न दिल्यामुळे बंद पडतं आणि ऑटोमॅटिक हातात न घातल्यामुळे बंद पडतं, दोन्हींत आतली रचना वेगळी, आणि ज्या माणसाने पस्तीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलीत, ज्याच्या हातात मायक्रोमीटर आपल्या हातात चमचा असतो तसा सहज असायचा, त्याला ते बघून हाच प्रश्न पडणार.

उत्तर मिळालं ते रुपयांत. बाबा "बरं" म्हणाले, हात पाठीमागे बांधले, अजून एक मिनिट उगाच दुसऱ्या पेटीकडे बघितल्यासारखं केलं आणि आम्ही बाहेर आलो. घरी आल्यावर आईला त्यांनी शर्टाबद्दल सांगितलं, पार्किंगचे किती घेतले ते सांगितलं, मॉलमध्ये किती गारठा होता ते सांगितलं. घड्याळाचं नाव काढलं नाही.

मला मात्र ते वाक्य सोडेना. भांडी लावताना, ऑफिसच्या बसमध्ये माजिवड्याच्या सिग्नलला अडकलेली असताना, मधेच आठवायचं. आणि दरवेळी मी स्वतःशी त्या मुलाची बाजू घेऊन बघायचे, कारण खरं सांगायचं तर त्याचा अंदाज चुकलेला नव्हता. आम्ही ते घड्याळ घेणार नव्हतोच. बाबांच्या मनातही नव्हतं आणि माझ्याही पाकिटात नव्हतं. समजा चुकला असता, समजा बाबा खरंच कोणी मोठे असामी असते, तर मला राग येऊन मोकळं व्हायला सोपं होतं. पण त्याने आमच्याकडे बघितलं, बाबांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायातल्या चपला, माझ्या हातातली कापडी पिशवी, हिशोब केला आणि हिशोब बरोबर आला. मग त्यात एवढं लागण्यासारखं काय होतं?

खूप विचार केल्यावर मला वाटतं ते हे होतं. किंमत ही माहिती असते, पण ती विचारायच्या आधी सांगितली की माहिती राहत नाही. आणि त्या दुकानात किंमत लिहिलेली कुठेच नव्हती हे नंतर लक्षात आलं. आपल्या साध्या दुकानात चिठ्ठी लटकलेली असते, तुम्ही वाचा, मी वाचते, साहेब वाचतात, सगळ्यांना आकडा एकच आणि तो वाचून परतायचं का थांबायचं हे आपलं आपण ठरवतो, कोणाला कळतही नाही. महागड्या दुकानात ती चिठ्ठी उलटी ठेवतात किंवा ठेवतच नाहीत. म्हणजे किंमत विक्रेत्याच्या तोंडात असते आणि कोणाला ती कधी ऐकवायची हे तो ठरवतो. एखाद्याला आधी खुर्ची, मग पाणी, मग कॉफी, मग हातमोजे घालून मखमलीच्या ट्रेवर घड्याळ, मनगटावर लावून आरसा, आणि सगळ्यात शेवटी, तेही त्याने विचारलं तर, हळू आवाजात किंमत. दुसऱ्याला सगळ्यात आधी किंमत. वस्तू तीच, आकडाही तोच.

दुकानात शिरून न घेता बाहेर पडता येणं ही तशी फार जुनी गोष्ट नाही म्हणे. पॅरिसमध्ये 1852 पासून आरिस्तीद बुसिको नावाच्या माणसाने 'ओ बॉन मार्शे' हे दुकान वाढवलं, त्याची कीर्ती ज्या गोष्टींमुळे झाली त्या आज आपल्याला गोष्टीच वाटणार नाहीत: प्रत्येक वस्तूवर ठरलेली किंमत लिहिलेली, घासाघीस नाही, आत यायला कोणालाही मोकळीक, बघा आणि नको असेल तर जा, नेलेली वस्तू पटली नाही तर परत आणा. त्याआधी दुकानाचा उंबरा ओलांडला म्हणजे घ्यायला आलात असाच अर्थ व्हायचा. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, की नुसतं बघणं हा हक्क कोणीतरी मुद्दाम, विचार करून लोकांना दिलेला आहे, ती काही कोणाची मेहेरबानी नाही. आणि गंमत अशी की आज ते दुकान ज्या कंपनीकडे आहे तिच्याच हाताखाली लुई व्हिटॉन आणि डिऑर आहेत.

आपल्याकडे सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. मोठ्या ताईच्या लग्नाचा बस्ता काढायला आम्ही राम मारुती रोडवर आणि मग दादरला गेलो होतो तेव्हा आईने निघताना बजावलं होतं, चांगला ड्रेस घाल, नाहीतर वरच्या फळीवरचं काढत नाहीत ते. आणि स्वतः कपाटातली इंदुरी साडी आणि गळ्यात मोठं मंगळसूत्र. म्हणजे साडी घ्यायला जायचं तर आधी साडी नेसून दाखवावी लागायची. दुकानात पांढऱ्या गादीवर बसलो की पहिला प्रश्न यायचा, "रेंज काय वहिनी?" आणि आई कधी खरी रेंज सांगायची नाही, थोडी कमी सांगायची म्हणजे हळूहळू वर जाता येतं. तो रेंजचा प्रश्नही मापच काढायचा. पण एकदा का बसलो की तो मधल्या वयाचा सेल्समन, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बोटांना खळीचा वास, एकामागून एक साड्यांच्या घड्या मोडत जायचा, पदर खांद्यावर टाकून दाखवायचा, टिश्यू पेपरची चुरचुर, वर पंख्याची घरघर, समोर रंगांचा ढीग आणि आई म्हणायची, "अहो राहू दे, एवढ्या नका काढू," तर तो म्हणायचा, "बघायला काय पैसे पडतात, वहिनी? घड्या घालायला मुलं आहेत." ट्यूबलाइटमध्ये रंग कळत नाही म्हणून आई साडी घेऊन सरळ दुकानाच्या दारात, उजेडात जाऊन उभी राहायची, आणि कोणी तिच्यामागे धावत यायचं नाही. दीड तासाने आम्ही काहीही न घेता उठलो असंही झालेलं आहे. त्याचा चेहरा उतरायचा, दिसायचं ते. तरी म्हणायचा, "फिरून या."

आणि सराफाकडे तर भाव फळ्यावर. कोणीही, अगदी धुणंभांडी करणारी बाईसुद्धा पेढीच्या पायरीवर उभी राहून "आज काय भाव?" विचारू शकते आणि तिला तोच आकडा मिळतो जो आत सोफ्यावर बसलेल्यांना. पुढचं काय ते पुढे, पण सुरुवात तरी सगळ्यांची एका फळ्यापासून होते.

ही घड्याळाची गोष्ट मी ऑफिसमध्ये सांगितली तेव्हा ठरल्यासारखे सगळ्यांनी उलटवण्याचे किस्से सांगितले. अमेरिकन टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्रेचा तर सगळ्यांना माहीतच असतो, 2013 साली तिने सांगितलं होतं की झुरिकमधल्या एका दुकानात तिला हँडबॅग दाखवायलाच नकार मिळाला, ही तुम्हाला फार महाग पडेल असं ऐकवलं. दुकानाची मालकीण म्हणाली की भाषेमुळे गैरसमज झाला, आणि स्वित्झर्लंडच्या पर्यटन खात्याने माफी मागितली. मग कर्नाटकातल्या तुमकुरूच्या शेतकऱ्याचा, जानेवारी 2022 मधला. गाडीच्या शोरूममध्ये मित्रांबरोबर पिकअप बघायला गेला, सेल्समन म्हणाला म्हणे की दहा लाख सोड, तुझ्या खिशात दहा रुपये तरी आहेत का, आणि हा पठ्ठ्या तासाभरात रोख दहा लाख घेऊन हजर. व्हिडिओ सगळीकडे फिरला, पुढे माफीही झाली. सांगणाऱ्यांचे डोळे चमकत होते. मीही तेव्हा तो व्हिडिओ चार जणांना पाठवला होता.

पण आता ऐकताना मला वाटलं की या गोष्टी बाबांच्या कामाच्या नाहीत. यात अपमान झालेला माणूस शेवटी पैसेवाला निघतो म्हणून आपल्याला आनंद होतो. म्हणजे सेल्समनची चूक काय, तर त्याने पैसे ओळखले नाहीत. ओळखले असते तर? आणि ज्याच्याकडे खरंच नाहीत त्याचं काय? त्याच्यासाठी या गोष्टीत जागाच नाही. तो तासाभरात काय घेऊन परत येणार? मला यापेक्षा जुलै 2024 मधली बंगळुरूची घटना जास्त जवळची वाटते. एका मुलाने गावाकडून आलेल्या आपल्या म्हाताऱ्या वडिलांना मॉलमध्ये सिनेमा दाखवायला आणलं होतं, तिकिटं काढलेली होती, आणि धोतर आहे म्हणून सिक्युरिटीने आत सोडलं नाही. धोतर. त्या वडिलांना काही सिद्ध करायचं नव्हतं, विकत काही घ्यायचं नव्हतं, मुलाबरोबर सिनेमा बघायचा होता. त्यावर खूप आरडाओरडा झाला, विधानसभेत विषय निघाला, सरकारने तो मॉल आठवडाभर बंद ठेवायला लावला. मी बातमी वाचताना सारखी त्या मुलाचा विचार करत होते, दारात वडिलांच्या शेजारी उभं राहून त्याला काय झालं असेल. कारण वडिलांचा अपमान आपल्या देखत झाला की आपण नक्की कोणावर रागावलोय ते कळतच नाही.

आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांची सुटका होते असंही नाही. हर्मेस या महागड्या फ्रेंच ब्रँडची बर्किन बॅग असते ना, जेन बर्किन या अभिनेत्रीच्या नावाची, ती दुकानात जाऊन पैसे टाकले की मिळत नाही. मार्च 2024 मध्ये कॅलिफोर्नियात दोन ग्राहकांनी कंपनीवर दावाच लावला, की आधी स्कार्फ, चपला, दागिने असं बाकीचं घेत राहा, मग विक्रेत्याला वाटलं तर तुम्हाला ती बॅग दाखवणार, हा कुठला न्याय? पुढे कोर्टाने तो दावा फेटाळला. पण बघा, तिथेही तेच, लाखो रुपये खिशात घेऊन माणूस उभा आहे आणि समोरचा त्याला मोजतोय. 2014 साली मॉर्गन वॉर्ड आणि डॅरेन डाल या दोन संशोधकांचा एक अभ्यास ग्राहकशास्त्राच्या एका नावाजलेल्या जर्नलमध्ये आला होता, त्यात असं निघालं की महागड्या ब्रँडच्या दुकानात विक्रेता तुसडेपणाने वागला तर त्या ब्रँडची आस असलेल्या लोकांची घ्यायची इच्छा उलट वाढते. साध्या दुकानांच्या बाबतीत असं होत नाही. आणि ही वाढलेली इच्छा काही दिवसांत ओसरते. वाचून मला हसू नाही आलं, वाईट वाटलं. म्हणजे दुखावलेला माणूस तिथल्या तिथे पैसे देऊन आपली किंमत परत विकत घ्यायला बघतो, आणि ते दुकानाच्या गल्ल्यात जमा होतं.

बाबांची इच्छा काही वाढली नाही. त्यांना ब्रँडचं नावही वाचायचं राहिलं होतं, ते नुसते यंत्र बघत होते. त्यांच्या मनगटावर अजून एचएमटी जनता आहे, किल्ली द्यायचं, सतरा ज्वेल्सचं, पांढऱ्या तबकडीचं. एचएमटीचं घड्याळ आपल्याकडे 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने सुरू झालं आणि 2016 च्या जानेवारीत सरकारने कंपनी बंद करायचं ठरवलं, तेव्हा बाबांनी ती बातमी कापून ठेवली होती. रोज सकाळी चहाच्या आधी किल्ली देतात, अंगठा आणि तर्जनीत धरून, शेवटचे दोन आटे अगदी हलक्या हाताने. त्यांना समोरच्या मुलाने नुसतं म्हटलं असतं ना, की काका हे ऑटोमॅटिक आहे, हा बघा रोटर, हात हलला की फिरतो, तर बाबा महिनाभर त्यावर बोलले असते. शेजारच्या काकांना सांगितलं असतं, तलावपाळीच्या कट्ट्यावर सांगितलं असतं. तीस सेकंदांचं काम होतं.

माझी भाची, मोठ्या ताईची मुलगी, मुंबईतल्या एका अशाच चकचकीत मॉलमध्ये परदेशी ब्रँडच्या बुटीकमध्ये कामाला आहे. बॅगा, पट्टे, पाकिटं. कळव्याहून लोकलने जाते. गणपतीत ती घरी आली तेव्हा मी तिला ही आजोबांची गोष्ट सांगितली. तिने सगळ्यात आधी काय विचारलं माहितेय? "आजोबांनी काय घातलं होतं?" आणि विचारून झाल्यावर ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "बघ ना मावशी, आपोआप येतं तोंडात."

मग ती बोलत राहिली आणि मी ऐकत. ट्रेनिंगमध्ये उलटंच शिकवतात म्हणे, कपड्यांवरून कोणाला जोखू नका, चपलेतला माणूस हिऱ्यांचा व्यापारी असू शकतो. (तिथेही बघा, जोखू नका, कारण तो श्रीमंत असू शकतो.) पण फ्लोअरवर आल्यावर टार्गेट असतं. महिन्याचं, त्याचं आठवड्याचं, त्याचं दिवसाचं. दारावर किती लोक आत आले ते मोजलं जातं, त्यातल्या किती जणांनी घेतलं ते मोजलं जातं, आणि ते प्रमाण खाली आलं की मॅनेजर विचारतो. म्हणजे नुसतं बघायला आलेला माणूस तिच्यासाठी नुसता बघणारा राहत नाही, तो तिच्या खात्यावरचा एक वजा होतो. रविवारी तिघीजणी आणि दुकानात वीस माणसं, मग डोळा आपोआप बुटांकडे, मनगटाकडे, फोनकडे जातो. "मला लाज वाटते गं," ती म्हणाली, "पण मी बूट आधी बघते. कपडे कोणीही बरे घालतं."

तिचा दिवस मी आधी कधी असा ऐकलाच नव्हता. घरातून निघताना साधा ड्रेस आणि सपाट चपला, कारण लोकलमध्ये उभं राहायचं. तिथे पोचल्यावर स्टाफच्या वेगळ्या दरवाजाने आत, मागच्या जिन्याने, जिथे रंग उडालेला आहे आणि ट्यूब लुकलुकते, मग काळा सूट, केसांचा घट्ट अंबाडा, ठरलेल्या रंगाची लिपस्टिक, टाचांचे बूट. एक जड दार ढकललं की एकदम अत्तराचा वास, मऊ गालिचा, पिवळसर उजेड. जाताना पर्स तपासून घेतात, रोज. ज्या बॅगेवर ती दिवसभर फुंकर मारून बोटांचे ठसे पुसते तिची किंमत तिच्या वर्षभराच्या पगाराच्या आसपास. आणि सगळा वेळ उभं राहायचं. दुकानात सुंदर सोफे आहेत, मखमली, पण ते गिऱ्हाइकांचे. दुकान रिकामं असलं तरी बसायचं नाही, टेकायचं नाही, हात बांधायचे नाहीत. रात्री घरी आल्यावर ताई तिच्या पायांना गरम पाण्याची बादली देते. पंचविशी पार नाही झाली आणि पोटऱ्यांच्या शिरा दिसायला लागल्यात.

केरळमध्ये यावर बायका लढल्या आहेत. कोझिकोडच्या पी. विजी यांनी, त्या स्वतः शिवणकाम करणाऱ्या, दुकानांत काम करणाऱ्या बायकांची संघटना उभी केली, आधी नुसतं लघवीला जाऊ द्या यासाठी आणि मग बसू द्या यासाठी. 2018 मध्ये केरळने कायदाच बदलला, दुकानातल्या कामगाराला बसायची सोय द्यावी लागेल, आणि 2021 मध्ये तमिळनाडूने तसाच बदल केला. मी हे भाचीला सांगितलं तर तिला खरंच वाटेना की बसायला मिळावं म्हणून कायदा करावा लागतो. मला तेव्हा तो घड्याळाच्या दुकानातला मुलगा आठवला. बाहेर पडताना मी वळून बघितलं होतं, तो एक पाय बुटातून अर्धा काढून दुसऱ्या पायावर भार देऊन उभा होता. तेव्हा माझ्या डोक्यात राग होता म्हणून मी ते नुसतं पाहिलं. त्याच्या कोटावर नावाची पट्टी होती, नाव आपलंच होतं, आडनावही. बाबा मराठीत बोलले आणि तो इंग्रजीत उत्तरला. भाची म्हणते त्यात माज नसतो, भीती असते. त्या कोटात मराठी तोंडातून निघाली की आपण पुन्हा कळव्या-दिव्याचे होतो असं वाटतं, आणि तिथे आपण तिथले नसल्याचं कोणालाही कळू द्यायचं नसतं, गिऱ्हाइकाला नाही आणि मॅनेजरला तर नाहीच. म्हणजे कदाचित बाबांचा तो शर्ट, त्या चपला त्याच्या स्वतःच्या घरातल्या कोणाच्या तरी असतील आणि म्हणूनच त्याला ते एवढ्या चटकन ओळखता आले. हे कळून माझा राग कमी झाला का? थोडा झाला. बाबांचा "बरं" म्हणतानाचा चेहरा आठवला की परत येतो. दोन्ही खरं आहे आणि मी त्यातलं एक सोडायला तयार नाही. त्या मुलाला स्टूल मिळायला पाहिजे, दिवसाच्या आकड्याचं ओझं कमी व्हायला पाहिजे, आणि माझ्या बाबांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही मिळायला पाहिजे.

आता कोणी म्हणेल, दुकान म्हणजे काही संग्रहालय नाही, प्रत्येक येणाऱ्याला माल दाखवत बसलं तर धंदा कसा होईल. बरोबर आहे. पण मग आपली ही मोठमोठी गावं कशाची बनली आहेत तेही बघा. पोखरण रोडचा रेमंडचा कारखाना गेला, लोअर परळच्या गिरण्या गेल्या, त्या जागांवर टॉवर आले, मॉल आले. घोडबंदर रोडला संध्याकाळी म्हातारी माणसं बसतील अशी सावली कुठे आहे? आम्ही उन्हाळ्यात बाबांना घेऊन मॉलमध्ये जातो कारण तिथे सपाट फरशी आहे, गारवा आहे, स्वच्छ संडास आहे. जिथे काल यांच्यासारखे लोक वस्तू बनवत होते तिथेच आज वस्तू मांडल्या आहेत, आणि ज्याने आयुष्यभर बारीक चाकं घासून जुळवली त्याने काचेजवळ जाऊन एक प्रश्न विचारला तर तो धंद्याच्या आड येतो, हे मला पटवून घेता येत नाही.

भाचीने जाता जाता अजून एक सांगितलं. त्या मॉलमधल्या सगळ्या दुकानांतली मुलं-मुली मागच्या बाजूला एकाच कँटीनमध्ये डबे खातात त्यामुळे एकमेकांना ओळखतात, या ब्रँडची ती, त्या ब्रँडचा तो. सुट्टीच्या दिवशी एकदा ती ताईला घेऊन गेली, आई बघ तरी मी कुठे काम करते म्हणून. ताई नको नको म्हणत होती, मला त्या काचेच्या दारांची भीती वाटते म्हणाली. स्वतःच्या दुकानात नेता आलं नाही कारण मॅनेजर होता, मग शेजारच्या ब्रँडमध्ये नेलं, तिथली काउंटरवरची मुलगी डोंबिवलीची, हिच्याबरोबर रोज डबा खाणारी. तिने ताईला त्या मखमली सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, हातमोजे घातले आणि कापडी पिशवीतून अलगद काढून एक बॅग समोर ठेवली. अगदी तशीच जशी कोणाही मॅडमसमोर ठेवली असती. ताईने आधी हात लावला नाही. मग लावला, आत हात घालून बघितला, शिवण बघितली, ताईला शिवण कळते, आणि म्हणाली, "याला वरून चेन नाहीये. लोकलमध्ये कोणीपण हात घालेल."

त्या मुलीने हो म्हटलं, काकू बरोबर आहे तुमचं, आणि आत जाऊन चेनवाली दुसरी घेऊन आली. ताईने ती खांद्याला लावून आरशात बघितली आणि पट्टा अजून चार बोटं लांब हवा म्हणाली, तर तिने बक्कल काढून पुढचं भोक लावून दिलं. मग आतल्या कप्प्यात छत्री मावेल का यावर दोघींचं बराच वेळ चाललं होतं. अर्धा तास तरी लागला म्हणे. दुकानात त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं, हेही भाचीने मुद्दाम सांगितलं, कारण असतं तर तेवढा वेळ तिला देताच आला नसता.